पाणी कोठून शिरते हे कळल्याशिवाय तळाला फायबर चढवू नका

तुमचा प्रश्न असा आहे : सुमारे १४ फूट लांबीची, एकट्याने चालवायची, फायबरची जुनी शिडाची होडी तुम्ही गेल्या हंगामात विकत घेतली, मांडव्याच्या बाजूला दोन तास चालवून किनाऱ्यावर आणली आणि मागचे बूच काढले, की आतून तीन-चार लिटर पाणी निघते, तळावर बाहेरून कोठेही मोठी चीर दिसत नाही, आणि ज्या कारागिराला होडी दाखवली त्याने संपूर्ण तळाला फायबरचे दोन नवे थर चढवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, आणि काम पावसाळ्याआधी उरकावे का, असे तुम्ही विचारता.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. मानू नका, निदान आत्ता तरी नाही. बाजारात सहज मिळणारा ४५० ग्रॅमचा मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, एक चौरस मीटरवर अंथरला आणि रेझिन या सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात तो नीट भिजवला, तर रेझिनसह त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. तुमच्या होडीचा तळ अंदाजे पाच चौरस मीटरचा असणार, म्हणजे दोन थरांत होडीवर पंधरा किलोंचे कायमचे ओझे चढले. लेझर या जगभर चालणाऱ्या वर्गाची रिकामी हल, म्हणजे डोलकाठी, शीड आणि फळ्या सोडून होडीचे नुसते अंग, साधारण ५९ किलोंची असते. तुमची होडी त्याच जातीची आहे. तिच्यावर पंधरा किलो चढवायचे आणि एवढे करूनही पाणी यायचे थांबेल याची खात्री नाही, कारण अशा बंद पोटाच्या होडीत सपाट तळातून पाणी येणे ही बऱ्यापैकी दुर्मीळ गोष्ट आहे. मी गेली तीसेक वर्षे या लहान होड्या दुरुस्त करतो. माझ्यासमोर आलेल्या गळक्या होड्यांपैकी बहुतेकींत पाणी शिरत होते ते जेथे काहीतरी जोडलेले, स्क्रूने आवळलेले किंवा आरपार गेलेले असते तेथून : बुचाची चकती, सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, डॅगरबोर्डची (तळातून पाण्यात उतरवायच्या उभ्या फळीची) पेटी, डोलकाठीची खोबण, आणि डेक (होडीची वरची बाजू) व तळ जेथे एकमेकांना चिकटवलेले असतात तो सबंध काठ.

पाणी आत कसे जाते याविषयी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप समजतील. आपण असे धरून चालतो, की पाणी स्वतःच्या दाबाने भोकातून आत ढकलले जाते. ते खरे आहे, पण लहान होडीचा तळ पाण्यात जेमतेम वीतभर बुडतो, आणि तेवढ्या दाबाने केसाएवढ्या बारीक भोकातून दोन तासांत फार पाणी येत नाही. खरा चोर म्हणजे होडीच्या पोटातली हवा. एप्रिलच्या दुपारी वाळूवर ठेवलेल्या होडीचा डेक हाताला चटका देतो आणि आतली हवा सहज ४५ अंशांना पोहोचते. त्याच होडीला तुम्ही २७ अंशांच्या पाण्यात ढकलता. आतली हवा थंड होऊन आकसते, आणि पोट जर पूर्ण बंद असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ५८ सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा कमी होऊ शकतो. म्हणजे वीतभर बुडालेले भोक जणू दोन-अडीच फूट खोल असल्यासारखे वागू लागते. होडी पाणी अक्षरशः ओढून घेते. एवढेच नव्हे, तर पाण्याच्या वर असलेली, पण लाटांच्या तुषारांनी सतत ओली राहणारी बारीक भोकेसुद्धा या ओढीने पाणी पिऊ लागतात, म्हणून केवळ तळाकडे पाहत बसणाऱ्याला गळती सापडत नाही.

यासाठीच अशा होड्यांना बसण्याच्या खळग्याच्या पुढच्या भिंतीत, बहुधा पाय अडकवायच्या पट्ट्याजवळ, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतली हवा त्यातून श्वास घेते. जुन्या होडीच्या पहिल्या मालकाने ते भोक 'गळती' समजून बुजवलेले मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या होडीचे ते भोक उघडे आहे का, हे सर्वांत आधी पाहा. बुजवलेले असेल तर सुईने मोकळे करा आणि पुन्हा दोन तास होडी चालवून पाणी मोजा. पाणी निम्म्यावर आलेले दिसले, तर गळतीचा निम्मा भाग तुम्ही एका सुईने दुरुस्त केलात असे समजा, पण भोके अजून तेथेच आहेत, ती शोधायची आहेत.

शोधण्यापूर्वी थोडी चौकशी होडीकडेच करावी. निघालेल्या पाण्याचा एक थेंब जिभेला लावा. खारट असेल तर समुद्राचे. गोडे असेल तर पाऊस, धुण्याचे पाणी किंवा आत साचलेले दव, आणि दव कधीही वाटीभरापेक्षा जास्त भरत नाही. नंतर तीन वेगवेगळ्या दिवशी तीन गोष्टी करून पाहा. एके दिवशी होडी शीड न लावता, कोणी न बसता, तासभर शांत पाण्यात नुसती बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी मंद वाऱ्यात सरळ चालवा. तिसऱ्या दिवशी चांगल्या वाऱ्यात, होडी कलती ठेवून, लाटांमधून चालवा. दर वेळी बूच काढून निघालेले पाणी मोजपात्राने मोजा आणि वहीत लिहा; अंदाजाने 'बादलीभर', 'थोडेसे' असे लिहू नका. नुसती बांधलेली असताना पाणी आले तर दोष पाण्याखालच्या एखाद्या स्थिर जागी आहे, म्हणजे बूच, पेटीचा तळचा सांधा किंवा तळातली खरी चीर. फक्त जोराच्या वाऱ्यात आले तर जो सांधा ताण आल्यावर उघडतो तो दोषी, आणि तेव्हा माझी पहिली नजर डोलकाठीच्या खोबणीकडे जाते. होडी कलंडल्यानंतरच आले तर डेकचा काठ किंवा तपासणीच्या गोल झाकणाची रबरी चकती पाहावी. या तीन दिवसांच्या नोंदीने पुढचे तीन आठवडे वाचतात, तरी दहापैकी नऊ जण हा भाग गाळतात आणि थेट रेझिनचा डबा उघडतात.

बुचाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्याची थट्टा होते. त्याची रबरी चकती उन्हाने कडक होते, तिच्यावर वाळूचा एक कण बसतो, आणि चार लिटरचे रहस्य तेवढ्यावर संपते. नवी चकती काही रुपयांना मिळते. ती बसवा, बूच ज्या पितळी किंवा प्लॅस्टिकच्या चाकीत आवळले जाते तिचे स्क्रू हलतात का पाहा, आणि मगच पुढे जा. मी स्वतः एकदा अख्खा रविवार एका होडीभोवती गुडघ्यांवर फिरण्यात घालवला आणि संध्याकाळी चकतीवर केसाएवढी चीर सापडली. त्या दिवसापासून माझ्या पेटीत पाच नव्या चकत्या कायम असतात.

आता डोलकाठीची खोबण. काठी जेथे डेकमधून खाली उतरून तळावर टेकते ती नळीसारखी जागा म्हणजे ही खोबण. तपास सोपा आहे : होडी सपाट ठेवा, खोबण कपड्याने पुसा, वाळू काढा, तिच्यात काठोकाठ पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि अर्धा तास चहा प्यायला जा. पातळी खाली गेली तर नळीला किंवा तिच्या तळाला चीर आहे. पण पातळी जागच्या जागी राहिली म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण वाऱ्यात काठी खोबणीला उपटल्यासारखी मागे-पुढे ढकलते आणि शांत उभी असलेली चीर तेव्हा तोंड उघडते. म्हणून पाणी भरलेल्या खोबणीत काठीचा खालचा तुकडा उतरवा, एकाला होडी धरायला सांगा, आणि काठी चारही बाजूंना जरा जोर लावून हलवा. त्यानंतर पुन्हा अर्धा तास थांबा. या जागेची गळती केवळ पाण्याची नाही. येथली चीर दुर्लक्षिली तर एखाद्या दिवशी भर वाऱ्यात काठी डेक फाडून बाहेर येते, आणि मग दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. बाकी कोणतीही तपासणी गाळलीत तरी ही गाळू नका.

डॅगरबोर्डची पेटी ही दुसरी जागा. फळी वर-खाली करताना पेटीच्या पुढच्या आणि मागच्या कडा घासल्या जातात, शिवाय होडी वाळूवर ओढताना फळी थोडी खाली राहिली असेल तर सगळा हिसका पेटीच्या तळच्या कोपऱ्यांवर बसतो. तपासण्यासाठी होडी दोन गादीदार टेकूंवर ठेवा, पेटीचे खालचे तोंड जाड फोम लावलेल्या फळकुटाने आणि पाचरींनी घट्ट बंद करा, वरून पाणी भरा, आणि गोल झाकण उघडून विजेरीने आतून पाहा. पाण्यात थोडा खायचा रंग मिसळला तर आत उतरणारा ओघळ सहज दिसतो. आतल्या भिंतीवर आधी टाल्कम पावडर फुंकून ठेवली तर एकटा थेंबसुद्धा काळी रेघ सोडून जातो आणि त्या रेघेच्या वरच्या टोकाशी भोक असते. तुमच्या होडीला असे झाकण नसेल तर बसवून घ्यावे लागेल. आत हात घालता येत नसलेल्या होडीची दुरुस्ती म्हणजे शर्टाच्या आत हात न घालता शर्टाची गुंडी शिवणे.

येथपर्यंत काही सापडले नाही, किंवा सापडले पण तेवढ्याने हिशेब जुळला नाही, तर हवेचा प्रयोग करायचा. माझ्या मते याच्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही, आणि होडी मोडण्याचा याच्याइतका सोपा मार्गही नाही. कल्पना साधी आहे : पोटात किंचित जास्त दाबाची हवा भरायची, बाहेरून साबणाचे पाणी लावायचे, आणि फेस कोठे उठतो ते पाहायचे. पाणी आत कोणत्या वाटेने जाते हे आतून शोधणे कठीण, पण हवा त्याच वाटेने बाहेर येताना बुडबुड्यांनी स्वतःचा पत्ता देते.

प्रश्न दाबाचा आहे. टायरच्या दाबाला आपण जे 'पौंड' म्हणतो, त्यातला एक पौंड, म्हणजे एक पीएसआय, हा सुमारे ७० सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा असतो, आणि तो प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ७०० किलोंचा भार टाकतो. तुमच्या होडीचा डेक तीन चौरस मीटरचा धरला तर एका पौंडाला दोन टनांहून अधिक जोर डेकला तळापासून उचकटायला बघतो. मी शिकाऊ होतो तेव्हा हे गणित मला कोणी सांगितले नव्हते. एका मित्राच्या होडीला मी टायर भरायच्या कॉम्प्रेसरची नळी लावली, क्षणभरच कळ दाबली, आणि नाळेपासून (पुढच्या टोकापासून) दोन हात लांबीचा काठ कापड फाटावे तसा फाटला. आधी त्या होडीला एक टाचणीएवढे भोक होते. कॉम्प्रेसर वापरू नका. व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा देखील जपून, कारण त्याच्या मोटरीच्या ठिणगीला आत राहिलेली अ‍ॅसिटोन या सफाईच्या ज्वालाग्राही द्रवाची वाफ पुरते.

मी काय करतो ते सांगतो. बुचाच्या भोकात बसेल असे रबरी बूच घेऊन त्याला दोन नळ्यांपुरती भोके पाडतो. एका नळीला हवेच्या गादीचा पायाने दाबायचा पंप जोडतो. दुसरी नळी म्हणजे गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीला खिळवतो आणि तिच्यात रंगीत पाणी भरतो. आत दाब वाढला की एका बाजूचे पाणी खाली जाते आणि दुसऱ्या बाजूचे वर चढते, आणि त्या दोन पातळ्यांमधले अंतर हाच आतला दाब. मला ५ ते ८ सेंटीमीटर पुरतात. नळीची उघडी बाजू विश्रांतीच्या पातळीपासून फक्त ६ सेंटीमीटर वर कापून ठेवायची, म्हणजे दाब १२ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ लागला की पाणी बाहेर सांडते आणि हवा निसटते. त्या दहा रुपयांच्या नळीने माझ्या किती होड्या वाचवल्या, याची मोजदाद नाही.

श्वासाचे ते बारीक भोक चिकटपट्टीने बंद करा आणि पट्टीचे एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे ती नंतर काढायला विसरणार नाही. पंपाचे चार-पाच सावकाश दाब द्या, नळीत ८ सेंटीमीटर आले की थांबा. आता भांडी घासायच्या साबणाचे पातळ पाणी रंगाच्या मऊ ब्रशने एकेका जागी लावत जा. घाई करू नका. मोठे भोक लगेच मोठे बुडबुडे फेकते, ते पोरालाही दिसते. बारीक भोकाचा मामला वेगळा असतो : आधी काहीच दिसत नाही, मग पंधरा-वीस सेकंदांनी स्क्रूच्या डोक्याभोवती ताकावरच्या फेसासारखी पांढरी, अगदी बारीक रेघ उमटते, आणि बोटाने पुसली तरी पुन्हा त्याच जागी येते. पुन्हा येणे ही खूण. ब्रशने उठलेला फेस परत येत नाही, भोकाचा फेस येतो. सापडलेल्या प्रत्येक जागेवर मेणाच्या खडूने गोल करा आणि पुढे सरका, एक भोक सापडले म्हणून थांबू नका.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी मागची बाजू : बुचाची चाकी, सुकाणूच्या बिजागऱ्यांचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक रिव्हेट. मग पेटीचे वरचे व खालचे तोंड. मग खोबणीचे तोंड, दोरांच्या कप्प्या आणि दोर अडकवायचे क्लीट, पायपट्ट्याचे स्क्रू, खळग्यातून पाणी बाहेर टाकणारा बेलर. मग काठ, संपूर्ण परिघ, एकेक वीत करून. काठाच्या खालच्या बाजूला साबण लावायला आडवे पडावे लागते, आणि तेथेच सगळे कंटाळा करतात. तळ शेवटी.

हा प्रयोग सकाळी लवकर आणि सावलीत करा, याचे कारण साबण वाळतो एवढेच नाही. बंद पोटातली हवा एका अंशाने तापली किंवा निवली तर दाबात सुमारे साडेतीन सेंटीमीटर पाण्याचा फरक पडतो. उन्हात ठेवलेल्या होडीवरून एखादा ढग गेला तर नळीतली पातळी तुमच्या डोळ्यांसमोर उतरते आणि तुम्ही नसलेले भोक शोधू लागता. उलट ऊन चढत असेल तर गळती असूनही पातळी स्थिर दिसते. म्हणून नळीला मी फक्त दाब मर्यादेत ठेवण्यासाठी आणि ढोबळ अंदाजासाठी वापरतो. माझा स्वतःचा कामचलाऊ निकष असा, की ८ सेंटीमीटरपासून दोन मिनिटांत ४ च्या खाली न उतरणारी जुनी होडी समाधानकारक समजावी. अंतिम साक्ष बुडबुड्यांची.

तळावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरांनी घाबरू नका. त्यांतल्या बहुतेक फक्त जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराच्या, असतात. खरी चीर ओळखायला त्या जागी पातळ शाई फासून लगेच ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे चिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतील, आणि मग अंगठ्याने दाबा. जागा लवचीकपणे आत दबत असेल किंवा दाबल्यावर चिरेतून पाण्याचा थेंब येत असेल तर आतले फायबर तुटले आहे. नाण्याने हलके ठोकत गेलात तर घट्ट जागी 'टण' असा आणि सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागी 'बद' असा आवाज येतो. कान दहा मिनिटांत तयार होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण या होडीच्या बाबतीत मी ती नक्की पाहिली असती : वजन. टेकूंच्या खाली दोन वजनकाटे ठेवा, एक नाळेकडे आणि एक मागे, आणि दोन्हींची बेरीज करा. बूच काढून, पोट पूर्ण रिते करूनही तुमच्या वर्गाच्या नेहमीच्या वजनापेक्षा सात-आठ किलो जास्त भरत असेल, तर पोटात बसवलेले फोमचे ठोकळे किंवा डेकच्या आतला फोम पाणी पिऊन बसला आहे. अशा होडीची भोके बुजवली तर ते पाणी आत कोंडले जाते. झाकण उघडून, बूच काढून, एक लहान पंखा झाकणातून आत हवा मारत तीन-चार आठवडे चालवावा लागतो, आणि दर आठवड्याला वजन घ्यायचे. वजन उतरायचे थांबले की होडी सुकली. आत बल्ब लावून किंवा हीटरने घाई करणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. फायबर तापून सांधे सुटलेले मी पाहिले आहेत.

पोटातले पाणी केवळ वेग कमी करते असे मानू नका. वीस लिटर समुद्राचे पाणी म्हणजे साडेवीस किलो, आणि ते एका जागी बसून राहत नाही. होडी कलली की ते सगळे खालच्या बाजूला धावते, नेमके तुम्ही तिला सरळ करायला बाहेर झुकलेले असताना. कलंडलेली होडी अशा पाण्यासह सरळ करणे किती अवघड जाते, ते एकदा अनुभवलेला माणूस बूच तपासायला विसरत नाही. तुमचे चार लिटर धोकादायक नाहीत, पण दोन तासांत चार असतील तर पाच तासांत दहा होतील, आणि ताणाने उघडणारा सांधा दर वेळी थोडा अधिक उघडतो.

आता बुजवणे. स्क्रूच्या भोकातून गळती असेल तर वरून सीलंटचा थर फासू नका. स्क्रू काढा, भोक अ‍ॅसिटोनने पुसा, सुकू द्या, भोक सैल झाले असेल तर ते इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरून नव्याने बारीक पाडा, आणि स्क्रू पॉलियुरेथेन सीलंटसह परत बसवा. आधी हलके आवळावे, सीलंट सुकल्यावर पाव फेरा द्यावा, म्हणजे मध्ये पातळ रबरी पापुद्रा राहतो. साधे सिलिकॉन मी होडीवर आणू देत नाही, कारण एकदा ते लागले की त्या जागी पुढे रेझिन धरत नाही आणि त्याचा तेलकट अंश घासूनही पुरता जात नाही. एम-सील खिशात जरूर असावे, समुद्रावर असताना अडचण निभावते. पण ते कडक असते आणि ताणाखाली हलणाऱ्या सांध्यावर ते टिकेल अशी अपेक्षा करू नये. काठ उकलला असेल तर फट उघडी धरून आतली घाण आणि जुना रेझिन खरवडावा, घट्ट केलेले इपॉक्सी आत भरावे आणि दर वीतभर अंतरावर क्लॅम्प लावावा. खोबणीची आणि पेटीची चीर आतून फायबर लावून बांधायची, आणि चिरेच्या कडा जाडीच्या बारा पट रुंदीपर्यंत उतरत्या घासायच्या. जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी चांगले धरते, पण सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, हा क्रम लक्षात ठेवा. घासताना तोंडावर मास्क हवा, आणि बंद पोटात रेझिनचे काम करताना झाकणे उघडी हवीत.

कोणी ओळखीच्या कोळीवाड्यातला अनुभवी माणूस तुम्हाला सांगेल, की होडी दोन दिवस पाण्यात ठेवा, गळती आपोआप बंद होते. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण ते फळ्यांच्या लाकडी होडीला लागू आहे. उन्हात सुकून फळ्यांचे सांधे उघडतात, पाण्यात लाकूड फुगून ते मिटतात, आणि म्हणूनच सुक्या फटीत कडक लांबी (पुट्टी) ठोसणे ही लाकडी होडीवरची मोठी चूक असते, कारण फुगलेल्या फळीला मग जागाच उरत नाही. तुमचे फायबर फुगत नाही.

दुरुस्तीनंतर हवेचा प्रयोग पुन्हा करा, मग त्याच तीन प्रकारे होडी चालवून पाणी मोजा. जोराच्या वाऱ्यातल्या दोन तासांनंतर पेलाभर निघाले तर मी त्या होडीवर समाधानी असेन. जुन्या होडीकडून कोरडेठाक पोट मागणे म्हणजे हट्ट.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. तपासणी आत्ता, कोरड्या हवेत उरका. स्क्रू, चकती आणि सीलंटची कामेही मे संपण्याआधी करून टाका. पण खोबण, पेटी किंवा काठ यांचे रेझिनकाम निघाले आणि फोम भिजलेला आढळला, तर घाईने जूनच्या तोंडावर बंद करू नका. दमट हवेत आतला ओलावा निघत नाही आणि थर नीट धरत नाहीत. अशा वेळी होडी छपराखाली, पालथी, बूच आणि झाकण काढून, जमिनीपासून हातभर उंच ठेवा, भोकांवर उंदीर आणि गांधीलमाशा शिरू नयेत म्हणून जाळी बांधा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा वजन करून काम सुरू करा. कारागिराला मात्र आत्ताच जाऊन खडूचे गोल दाखवा. त्याला तळाचे काम नको, या गोलांचेच हवे, असे सांगितल्यावर तो कोणता भाव सांगतो ते मला कळवा.